शेवट आधी सांगितला तर चालतो

प्रिय ताई,

मी चौतीस वर्षांची, राहायला इंदिरानगरला, बँकेत नोकरी. मला बायका आवडतात. हे धाकट्या बहिणीला माहीत आहे, आईला नाही. दीड वर्षापासून आम्ही सात-आठ जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कॉलेज रोडजवळ एकाच्या घरी जमतो. त्यात गे मुलं आहेत, दोन ट्रान्स मैत्रिणी आहेत, माझ्यासारख्या तिघी आहेत. नियम एकच, सध्या काय वाचताय ते सांगायचं आणि जमलं तर पुस्तक पुढच्याच्या हातात द्यायचं.

जूनमध्ये एक नवीन मुलगी आली. एकवीस वर्षांची, नर्सिंगला आहे, गाव निफाडकडचं. फक्त मराठी वाचते. आपल्या भाषेतलं, आपल्यासारख्या बाईचं, म्हणून मी तिला विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक दिलं. चार दिवसांनी तिने ते बँकेच्या वॉचमनकडे ठेवलं. आत चिठ्ठी होती : ‘आपल्या बायकांचं शेवटी असंच होतं का?’ त्यानंतर ती आलीच नाही. मी दोन मेसेज केले, तिने वाचले, उत्तर दिलं नाही. माझं चुकलं का? आता काय करू?

आणखी एक. आमच्यातले बहुतेक जण इंग्रजी वाचतात. मराठी वाचणारे दोघं गप्प बसून चहा पितात. परवा त्यातला एक म्हणाला, ‘तुमच्या गप्पा ऐकताना पंगत बसलीय आणि मी वाढप्यासारखा उभा आहे असं वाटतं.’ यावर काय करता येईल?

— पानखूण, नाशिक


प्रिय पानखूण,

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी, म्हणजे हे पुढचं वाचायच्याही आधी, त्या मुलीला आजच मेसेज कर. दोन मेसेज केलेस म्हणतेस. त्यात काय लिहिलं होतंस? माझा अंदाज, ‘कशी आहेस, या रविवारी येशील ना?’ असंच काहीतरी. पण तिने तुला चिठ्ठीत एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर तिला अजून मिळालेलं नाही. ती थांबलीय ती त्या उत्तरासाठी.

उत्तर सरळ लिही : ‘नाही, असंच होत नाही. मी चौतीस वर्षांची आहे, नोकरी करते, रविवारी मैत्रिणींबरोबर पुस्तकं वाचते. ते नाटक तुला देताना शेवट काय आहे ते मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, चुकलं माझं.’ इतकंच. भेटायचा आग्रह नको, पुढच्या रविवारची आठवण नको. हवं तर माझंही सांग. मी आणि माझी जोडीदारीण पंचवटीत एका छताखाली राहतो त्याला बावीस वर्षं झाली. आमची भांडणं अजूनही भाजीत मीठ जास्त पडलं यावरूनच होतात. एकवीस वर्षांच्या मुलीला हे ऐकायला मिळणं फार गरजेचं असतं. तिच्या गावात, कॉलेजात, टीव्हीवर तिला असं म्हातारं होत चाललेलं जोडपं कुठे दिसणार आहे?

आणि तिचं उत्तर आलं, त्यात मन फार खचल्याचा सूर असला, तर आडवळणाने जाऊ नकोस. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?’ असं स्पष्ट विचार. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो क्रमांक तिला दे आणि तू स्वतःही तिच्या सोबतीला राहा.

आता, चुकलं का? पुस्तक निवडण्यात नाही. ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. बाईवर प्रेम करणारी बाई मराठी नाटकाच्या मध्यावर उभी राहिली आणि मला काय वाटतं ते ती सांगू लागली, ही त्या काळात केवढी गोष्ट होती! पण मला त्या नाटकात नेहमी टोचतं ते वेगळंच. गोष्ट सांगतो कोण? बापू. मित्रा स्वतः सांगत नाही. तिच्यावर जीव असलेला, तिला पुरतं न समजलेला एक मुलगा तिची गोष्ट आपल्याला सांगतो, आणि नाटक संपतं तेव्हा सांगायला तोच उरलेला असतो. नावातच दोन अर्थ आहेत, मित्रा या मुलीची गोष्ट आणि एका मित्राची गोष्ट. चाळिशीत वाचताना हे कळतं आणि नाटक मोठं वाटतं. निफाडहून आलेल्या, आपल्यासारखं कुणी असतं हे नुकतंच कळलेल्या मुलीला मात्र एवढंच दिसतं की मराठीत आपल्यासारखी एक बाई होती आणि ती जगली नाही. तिच्यासाठी ते तेव्हाचं एकुलतं एक पुस्तक होतं. एकुलत्या एका पुस्तकावर सगळ्या आयुष्याचा भार पडतो.

मी एकतीस वर्षं एका ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर काढली. तिथली एक गोष्ट सांगते, कारण तुझं पत्र वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. नव्वदीच्या सुरुवातीची. चंद्रकांत खोतांची ‘उभयान्वयी अव्यय’ ही १९७० सालची कादंबरी आमच्याकडे होती, पण वरिष्ठांनी ती कुलपाच्या कपाटात ठेवायला लावली होती. पुरुषा-पुरुषांतले संबंध त्या कादंबरीत उघड येतात, म्हणून. एक कॉलेजचा मुलगा दोनदा त्या कपाटापाशी घुटमळून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘कार्डावर नोंद नको असेल तर दुपारी दोन ते चार वाचनकक्षात बसून वाच आणि जाताना माझ्या टेबलावर ठेवून जा.’ अकरा दुपारी तो आला. कुणाशी एक शब्द बोलला नाही. अकराव्या दिवशी पुस्तक ठेवताना त्याने खाली बघत विचारलं, ‘अजून काही आहे का?’

माझ्याकडे नव्हतं. निदान मला माहीत असलेलं नव्हतं. मी ‘नाही’ म्हटलं आणि तो गेला. ते ‘नाही’ मला आजही बोचतं.

म्हणून सांगते, तुझ्या हातून राहिलं ते एवढंच की पहिल्या पुस्तकामागे दुसरं पुस्तक तयार नव्हतं. नव्या माणसाला एक पुस्तक कधी देऊ नये. दोन द्यावीत, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना असावीत.

हे रडके शेवट आले कुठून, तेही त्या मुलीला कधीतरी सांग. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक. आपल्याला जवळचा अशासाठी की १९२१ मध्ये तो देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा खाजगी सचिव होता. त्याने १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ लिहिली, दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी. शेवट सुखाचाच करायचा, कादंबरीत तरी या दोघांना एकमेकांचं होऊ द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं की नायकाला फासावर लटकवलं असतं तर काही अडचण आली नसती. अडचण होती ती सुखाची. तेव्हा इंग्लंडात असे संबंध गुन्हा होते आणि गुन्हेगाराला सुखी दाखवायची सोय नव्हती. कादंबरी पेटीत राहिली. तो १९७० मध्ये गेला आणि पुस्तक १९७१ मध्ये बाहेर आलं. सत्तावन्न वर्षं एक सुखाचा शेवट पेटीत पडून होता!

पॅट्रिशिया हायस्मिथचंही तसंच. तिने १९५२ साली दोन बायकांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली, ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’, पण क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने. स्वतःचं नाव तिने त्या पुस्तकावर १९९० मध्ये घातलं, तेव्हा पुस्तकाचं नाव ‘कॅरल’ झालं. त्यातल्या दोघींपैकी थोरलीला पोटच्या मुलीपासून दूर व्हावं लागतं, म्हणजे फुकटात काही मिळत नाही. पण शेवटच्या पानावर दोघी जिवंत असतात आणि धाकटी चालत तिच्याकडे जाते. पुस्तक स्वस्त आवृत्तीत निघाल्यावर अनोळखी वाचकांनी लेखिकेला पत्रांवर पत्रं लिहिली. आभार मानणारी.

ही कादंबरी मी गेल्या पावसाळ्यात आमच्या हिला रोज रात्री थोडी थोडी मराठीत सांगितली. ती इंग्रजी वाचत नाही. पहिल्याच रात्री तिने मला थांबवलं. ‘दोघी शेवटी एकमेकींना मिळतात का ते आधी सांग, मग ऐकते.’ मी सांगितलं. मग तिने पाय वर घेतले, शाल ओढली आणि मन लावून ऐकलं. शेवट कळल्याने तिची मजा गेली नाही. धास्ती गेली.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर या एका रात्रीत आहे.

पहिलं, शेवट सांगायचा. रहस्य फुटेल ही भीती खुनाच्या कादंबरीला ठीक. आपल्या माणसांना पुस्तक देताना ती बाजूला ठेवा. तरी कुणाला शेवट आधी कळायला नको असतो, तर त्यासाठी एक सोपी युक्ती सांगते. प्रत्येक पुस्तकात दोन चिठ्ठ्या घाला. एक उघडी, पहिल्या पानाला : हे कुणी वाचावं, कुणी आत्ता वाचू नये, मारहाण, जबरदस्ती, आत्महत्या यांपैकी काही आत आहे का, असल्यास साधारण कुठे. दुसरी घडी घातलेली, मागच्या पुठ्ठ्याला : शेवट काय. ज्याला हवी त्याने उघडावी. चिठ्ठी कुणाच्या अक्षरात आहे एवढं पुरे, नाव नको. एखादं पुस्तक हरवून भलत्याच्या हाती पडलं तर नाव वाचून कुणाचं घर पेटायला नको.

आणि नव्या माणसाला ‘तू कोण?’ असं विचारूच नका. ‘गे की बाय, घरी सांगितलंय का’ या चौकशा पहिल्या दिवशी करायच्या नसतात. देवघेवीच्या टेबलावर मी एक प्रश्न विचारायचे आणि त्यावरून वाचकाला काय द्यावं हे मला कळायचं : ‘अलीकडे कुठलं पुस्तक अर्ध्यावर सोडलंत?’ आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणसं चारचौघांत शोभेल असं बोलतात, सोडलेल्याबद्दल खरं बोलतात. ‘फार रडवलं म्हणून सोडलं’, ‘सगळे श्रीमंतच होते म्हणून सोडलं’, ‘भाषा कळेना’. यातल्या एका वाक्यावर पुढचं पुस्तक ठरतं. हाच प्रश्न तू त्या मुलीला जूनमध्ये विचारला असतास तर कदाचित वेगळं पुस्तक निघालं असतं.

दुसरं, भाषेचं. पंगत आणि वाढप्या, हे त्या मुलाने फार नेमकं सांगितलं आणि तुम्ही ते गांभीर्याने घ्या. यावर ‘मग तूही इंग्रजी वाचायला लाग’ हा उपाय नव्हे. इंग्रजी पुस्तकं आणणाऱ्यांनी त्यांचं आख्यान लावायचं. कीर्तनकार उभा राहून कथा रंगवतो ना, तसं. पंधरा मिनिटं, मराठीत, पात्रांना आपल्या ओळखीच्या माणसांसारखं उभं करत. मध्येच दोन पानं मूळ इंग्रजीतून वाचून दाखवा, लगेच अर्थ सांगा. यात सांगणाऱ्याचाही कस लागतो. जे मराठीत सांगता येत नाही ते आपल्याला नीट कळलेलं नसतं, हा माझा कॅरल सांगतानाचा अनुभव. ‘क्लोजेट’ला, म्हणजे स्वतःबद्दलचं लपवून राहण्याला, मराठीत काय म्हणू? मी ‘माळा’ म्हटलं. पाहुणे आले की नको ते सामान वर टाकतात, तो माळा. आमच्या हिला क्षणात कळलं.

आणि मराठीत काहीच नाही, हा समज आधी मोडा. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ मुळात मराठी आहे, २००६ सालची. जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली २०१३ मध्ये आणि त्यानंतर तिच्यावर चित्रपट आला. तुमच्यातल्या इंग्रजी वाचणाऱ्यांपैकी कुणी ती अनुवादात वाचली असेल तर त्या दोन मराठी वाचकांना मूळ वाचायला द्या आणि मग एकाच प्रसंगाची दोन्ही पानं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. त्या दिवशी पंगतीच्या मध्यभागी कोण बसतं ते बघ. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आहे. ग्रंथालयात नुसतं ‘पार्टनर’ मागू नका, वपुंची हाती येईल, तीही वाचा पण ती वेगळी. लेखकाचं पूर्ण नाव सांगा. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ आहे. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह तर तुमच्या ट्रान्स मैत्रिणींनी मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ नुसतं ऐकावं. राजन गवसांची ‘भंडारभोग’ जोगत्याच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या पुरुषाच्या, आयुष्यावर आहे. ती वाचताना ‘समलिंगी’, ‘ट्रान्स’ हे आपले आजचे शब्द त्या माणसाच्या अंगावर घालता येतात का, यावर तुमचं जोरदार भांडण होईल. व्हायला हवं. पण उघडी चिठ्ठी विसरू नका, फार अंगावर येणारी आहे.

सगळी पुस्तकं ‘आपलीच’ असावीत असाही हट्ट नको. कुणी महिनाभर फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचली असतील, कुणी मासिकं, कुणी रुचिरा उघडून पुरणाचं प्रमाण पाहिलं असेल. सध्या काय वाचताय याचं ते खरं उत्तर आहे. त्यांना तेवढं बोलू द्या. एखादीला पुस्तकांतून सुट्टी हवी असते, माणसांतून नको असते.

पुस्तकं मिळवायची कशी, हेही सांगते, कारण सात-आठ जणांनी किती विकत घ्यायची! नाशिकला वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची आहे, आपलं सार्वजनिक वाचनालय तेव्हाचं. सभासद व्हा. हवं ते पुस्तक नसेल तर लेखी मागणी करा. इथे टेबलाच्या आतल्या बाजूचं गुपित सांगते, एकाच माणसाने तीनदा मागितलेल्या पुस्तकाकडे दुर्लक्ष होतं, तीन माणसांनी वेगवेगळ्या दिवशी मागितलेलं पुस्तक खरेदीच्या यादीत जातं. कारण लिहावं लागत नाही. ‘चांगली कादंबरी आहे’ एवढं पुरतं, आणि ते खरंच असतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’मध्ये पुस्तकांची पेटी एका गटाकडून दुसऱ्याकडे फिरते, ते तुम्ही पाहिलंच असेल. तशीच एक लहान पत्र्याची पेटी तुम्ही घ्या. भांडी बाजारात मिळेल. दर महिन्याला ती एकाच्या घरी जाईल. ज्याच्या घरी आई-वडील पेटी उघडून बघतील त्याने ती नेऊ नये, आणि का नेली नाही हे कुणी विचारू नये.

जागेचं तू ओझरतंही लिहिलं नाहीस, पण मनात असेल म्हणून सांगते. चार माणसं घरात बसून पुस्तकं वाचतात यात कायद्याने कुणाला काही म्हणता येत नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान माणसांनी राजीखुशीने एकमेकांवर प्रेम करणं हाही गुन्हा राहिलेला नाही. तरी घरमालकाला पटवत बसू नका. ‘वाचक मंडळ आहे’ म्हणा. आहेच ते.

त्या मुलीचं उत्तर पंधरा दिवसांत आलं नाही तरी तिसरा मेसेज करू नकोस. त्याऐवजी तिच्या हॉस्टेलवर एक पुस्तक पाठव, वर तपकिरी कागद, आत दोन चिठ्ठ्या. ते पुस्तक मी देते. ‘कोबाल्ट ब्लू’ची माझी प्रत या सदराच्या कार्यालयात तुझ्या टोपणनावाने ठेवलीय, पानखूण असं सांगितलंस की देतील. पहिल्या पानाला मी लिहिलंय : ‘भाऊ आणि बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडतात. मन दुखेल. घरातल्या जेवणाच्या टेबलावरची शांतता ओळखीची वाटेल.’ मागच्या पुठ्ठ्याला घडी घातलेल्या चिठ्ठीत एवढंच आहे : ‘तो दोघांनाही सोडून जातो. दोघंही जगतात. यानंतर काय वाचायचं ते विचार, माझ्याकडे अजून आहे.’

— तुझी ताई